एकाच गेटवरच्या दोन नोटिसा

"नावं लिहून घ्या, नोटिसा द्या आणि गाडीत घाला," इन्स्पेक्टर साहेब फोनवर म्हणाले.

मी तेव्हा रत्नागिरीत फौजदार होतो. कॉलेजच्या गेटवर हॉस्टेलच्या वीस मुली बसल्या होत्या. नळाला तीन दिवस पाणी नव्हतं. घोषणासुद्धा अभ्यासाला बसल्यासारख्या हळू देत होत्या. नोटीस म्हणजे लेखी ताकीद: पुढे काही बिघडलं तर जबाबदार तुम्ही. सायली नावाच्या मुलीने ती पूर्ण वाचली, सही केली आणि कॉपी मागून घेतली. तोवर कॉपी कोणीच मागितली नव्हती.

मुली संध्याकाळपर्यंत ठाण्यात होत्या. सायलीचे वडील संगमेश्वरकडच्या गावातून आले. "साहेब, पोरीनं काय केलान?" मी म्हटलं, "पाणी मागितलं." ऐकताना मलाच ते कसंतरी वाटलं.

दोन दिवसांनी त्याच गेटवर एका पुढाऱ्याचा पुतण्या पन्नास पोरं घेऊन आला. गॅदरिंगला डीजे हवा होता. वॉचमनची खुर्ची मोडली होती, गेट बंद होतं.

"समजूत घाला. मुलं आहेत," साहेब म्हणाले.

"सर, परवा मुली होत्या."

"त्या ऐकत नव्हत्या."

"हे तर ऐकूच शकत नाहीत. स्पीकर लावलाय."

साहेबांनी फोन ठेवला. मी तोच नमुना काढला, नावं बदलली, नोटिसा दिल्या आणि स्टेशन डायरीत नोंद केली. ठाण्यातली प्रत्येक हालचाल त्या डायरीत लिहितात. लिहिलेलं खोडता येत नाही.

तासाभरात साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "नोटिसा मागे घे."

"घेतो सर. पण कारण लिहावं लागेल. जे कारण लिहू, ते मुलींनाही लागू होईल."

साहेबांनी डायरी मागवून दोन्ही नोंदी वाचल्या. शेवटी दोन्ही प्रकरणं 'समज देऊन बंद' झाली.

बंद झाल्याचं पत्र न्यायला सायली आली.

"म्हणजे आमचा गुन्हा नव्हता?"

"नव्हता."

"मग गाडीत का घातलंत?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य पहिल्यांदाच तोंडातून निघालं. तिने मान हलवली आणि पत्राचीही कॉपी मागितली.

पंधरवड्यात माझी जयगडला बदली झाली. कारण: प्रशासकीय.

लोक म्हणतात, तुम्ही न्याय केलात. कसला न्याय? पुतण्याही त्याच नोटिशीत आला म्हणून मुली सुटल्या. तो घरीच झोपून राहिला असता, तर त्यांच्या नोटिसा अजून फाइलमध्ये असत्या.