सुरतेला गेलेली चावी

मोटारसायकल जागची हलवायची होती, म्हणून चावी करून घ्यायची वेळ आली. आमच्या धुळ्याच्या घरमालकांनी अंगणात शहाबादी फरशी घालायचं ठरवलं होतं आणि गाडी अंगणाच्या मधोमध उभी होती, हँडल एका बाजूला वळवून लॉक केलेली. मालक मूळचे राजस्थानचे, बाजारात कापडाचं दुकान, फार सभ्य माणूस. पायरीशी उभं राहूनच ते म्हणाले, की ताई, साहेबांना कळवा, गाडी तेवढी बाजूला घ्यायला सांगा. कळवते, असं मी म्हणाले.

हे आदल्या वर्षी सुरतेला गेले होते. इथली नोकरी सुटली, तिकडे कापड गिरणीत काम लागलं. खोली बघतो आणि तुला घेऊन जातो, असं सांगून गेले. गाडीच्या दोन्ही चाव्या नेहमीसारख्या पँटच्या खिशात राहिल्या. सुरुवातीला पत्रं यायची, मग थांबली. थंडीत एका रविवारी मीच एसटीनं सुरतेला गेले. पत्रावरचा पत्ता बरोबर होता. दार एका बाईनं उघडलं. साधी बाई, हाताला कणीक लागलेली. आतून यांचा आवाज आला, कोण आहे म्हणून. मी तिला म्हणाले, पत्ता चुकला, आणि जिना उतरून पुन्हा स्टँडवर आले.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. कोर्टात टायपिस्ट होते, दिवस तिथे जायचा. संध्याकाळी घरी आले की दूधवाला विचारायचा, साहेब कधी येणार? कधी मालकीणबाई विचारायच्या, कधी शेजारच्या खोलीतल्या अक्का. पुढच्या महिन्यात, असं मी म्हणायचे. तिकडे सुट्टी मिळत नाही, पाऊस फार आहे, असं काहीबाही जोडून द्यायचे. म्हणता म्हणता ते मला जमायला लागलं होतं.

आग्रा रोडवरच्या चावीवाल्यानं गाडीचं नाव ऐकूनच मान हलवली. एवढ्या जुन्या गाडीच्या कोऱ्या चाव्या आता येत नाहीत, म्हणाला. त्यानं स्टँडसमोरच्या दुसऱ्या माणसाकडे पाठवलं. त्याच्याकडे पत्र्याच्या डब्यात जुन्या कोऱ्या चाव्यांचा ढीग होता. जुळणारी मिळेल, पण नमुना नसेल तर कुलूप बघूनच करावी लागेल, असं सांगून तो दुसऱ्या दिवशी सायकलवर पेटी बांधून घरी आला.

अक्का ओट्यावर बाजरी निवडत बसल्या होत्या. चावीवाल्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाची हवा गेलेली पाहिली, आणि गाडीचे मालक घरात आहेत का, असं विचारलं. गावाला गेलेत, म्हटलं. मग कागद दाखवा, म्हणाला. मी गाडीचं पुस्तक आणून दिलं. त्यावर नाव यांचं. पूर्वी एकदा कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं दुसऱ्याच्याच गाडीची चावी करून दिली होती आणि त्यापायी पोलीस चौकीच्या खेपा घातल्या होत्या. तेव्हापासून मालक समोर असल्याशिवाय तो हत्यार काढत नव्हता.

"साहेब आले की सांगा, मी येतो. कधी येणार आहेत?"

पुढच्या महिन्यात, हे शब्द ओठांवरच होते. पण पुढच्या महिन्यात हा माणूस खरंच सायकल घेऊन दारात उभा राहील, हे लक्षात आलं. मी गाडीच्या सीटवरची धूळ पदरानं पुसायला लागले, आणि पुसता पुसता म्हणाले, "ते येणार नाहीत."

माझ्याकडे न बघता त्यानं अक्कांकडे पाहिलं.

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "करी दे रे भाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी तिनीच शे."

मग त्यानं पेटी उघडली. कोऱ्या चावीला मेणबत्तीची काजळी धरायची, कुलपात घालून जोर द्यायचा, बाहेर काढून काजळी कुठे पुसली गेली ते बघायचं, तेवढीच कानस मारायची, पुन्हा घालायची. मी अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. तुम्हाला कधीपासून माहीत होतं, असं विचारलं. त्यांचा भाचा सुरतेलाच होता. दिवाळीच्या आधीपासून माहीत होतं.

"बठ्ठास्ले माहीत शे, माय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कोनपाइन लपाडी ऱ्हायनी तू?"

म्हणजे मी लपवत होते ते दूधवाल्यालाही माहीत होतं. मालकीणबाईंनाही. माझं मन राखायला ते विचारत होते आणि मी त्यांना सुरतेचा पाऊस सांगत होते. मला रडू आलं नाही. कुठे बघावं, एवढंच कळेना.

दुपारी हँडल सरळ झालं. चावीवाल्यानं आणि मालकांच्या दुकानातल्या नोकरानं गाडी ढकलत भिंतीकडे नेली. पुढच्याच आठवड्यात फरशी बसली. गाडी मला विकता येण्यासारखी नव्हती, सही यांची लागली असती. दसऱ्याला धाकटे दीर साक्रीहून टेम्पो घेऊन आले, तेव्हा मी नवी चावी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खाली मान घालून चहा घेतला आणि गाडी घेऊन गेले.

त्यानंतर कोणी काही विचारेनासं झालं. दूधवाला माप ओतायचा आणि निघायचा. मालकीणबाई हसायच्या, पण थांबायच्या नाहीत. खोटं का होईना, संध्याकाळी एक वाक्य बोलायला मिळायचं. आता कोर्टातून आल्यावर सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. अक्का कधी वाटीभर भाजी आणून द्यायच्या, पण बोलायला त्यांनाही विषय सापडत नसे.

मी जळगावला बदली मागून घेतली. तिथल्या घरमालकीणबाईंनी खोली दाखवता दाखवता विचारलं, घरात कोण कोण आहे. "मी एकटीच," मी म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि नळाला पाणी पहाटे येतं, घागरी तेव्हाच भरून घ्या, असं सांगून पुढची खिडकी उघडून दाखवली.