डावं चाक धाकट्याचं

त्याला सगळे हवालदार म्हणत. पोलिसात तो कधीच नव्हता. जन्मभर दुसऱ्यांच्या चाकांत हवा भरत आला, एवढीच त्याची हवालदारकी. बोलायचा कमी आणि बोलला की ओरडूनच. कॉम्प्रेसरच्या धडधडीत उमर गेलेल्या माणसाला हळू बोलणं जमतच नाही. बोटांच्या पेरांत काळं इतकं मुरलेलं की बायकोने सांगायचं सोडून दिलं होतं. "हात धुऊन येतात," ती म्हणायची, "पण हात तसेच येतात."

तिचे दोन भाऊ म्हणजे त्याच्या संसारातलं न सापडणारं पंक्चर होतं. हवा कुठून जाते ते कळत नव्हतं, पण जात होती हे नक्की.

वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी सगळं वाटलं. जमीन वाटली, पाण्याची पाळी वाटली, भांडी वाटली. शिडीसुद्धा मधोमध कापली. तेव्हापासून दोघांचाही हात माळ्याला पोचत नव्हता. ट्रॅक्टर तेवढा कापता येईना. मग पंचांनी डोकं चालवलं: ट्रॅक्टर सामाईक, खर्च बाजूप्रमाणे. उजवी बाजू थोरल्याची, डावी धाकट्याची. मधल्या इंजिनाचं काही निघालं तर दाजींनी बघायचं. दाजी म्हणजे हवालदार. त्याला कुणी विचारलं नव्हतं. बहिणीच्या नवऱ्याला विचारायचं नसतं, सांगायचं असतं.

त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद. काय बोलायचं ते दाजींच्या तोंडून.

मागचे दोन्ही टायर आता तळहातासारखे गुळगुळीत झाले होते. ओल्या रानात चाक जागच्या जागी फिरायचं. थोरल्याने जुन्या यंत्रांच्या दलालाला सांगून ठेवलं होतं: संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर धड झाला नाही तर घेऊन जा. सकाळी डबा देताना बायको दारात थांबली.

"काहीही करा, पण आज तो चालू करून द्या. त्या एका यंत्रापायी तरी एक दुसऱ्याच्या दाराशी जातो. ते गेलं की मला माहेर उरणार नाही. दोन बिऱ्हाडं उरतील, आणि एकात पाणी प्यायले की दुसऱ्यात तोंडं वाकडी."

"मी टायरवाला आहे," तो म्हणाला, "देव नाही."

"देवाला कुठे सांगतेय? तुम्हाला सांगतेय."

दुकानाच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. दोघा भावांनी आपापले आणलेले दोन नवे टायर भिंतीच्या दोन टोकांना टेकवलेले, मध्ये पुरेशी जागा सोडून. त्यांच्यातही अबोला असावा. हवालदाराने वाकून बाजूंवरचे आकडे वाचले, मग परत वाचले, मग कपाळावर हात मारला. तिथे काळा डाग उठला.

"एक तेरा पॉइंट सहा, एक बारा पॉइंट चार! विचारून आणायला काय झालं होतं?"

"कुणाला विचारू?" थोरला म्हणाला. "मी अठ्ठावीस बघून आणलाय."

"दाजी, त्यांना सांगा, मीही अठ्ठावीसच बघून आणलाय," धाकटा म्हणाला.

"अरे, अठ्ठावीस हे रिमचं माप! टायर बसतील. उंचीचं काय? एक पाय लांब, एक आखूड. गाडी कलंडून उभी राहील. आतल्या गिअरचे दात रात्रंदिवस एकमेकांना खातील. आणि रुतल्यावर दोन्ही चाकं एकत्र फिरवायचं लॉक टाकलं की मोठं चाक पुढे पळणार, धाकटं मागे ओढणार."

"ऐका," थोरला आभाळाकडे बघत म्हणाला. "धाकटं मागे ओढणार. मी काय वेगळं सांगत होतो?"

"चाकाबद्दल बोलतोय मी!"

"दाजी, त्यांना म्हणावं, दुकानात जाऊन माझ्यासारखा बारीक आणा."

"दाजी, त्याला म्हणावं, बारीक बुद्धीला बारीकच सुचणार."

हवालदार एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिला. दोघांच्या मध्ये दोन पावलं जमीन होती. एवढ्या जमिनीवरून शब्द पलीकडे जायला त्यांना एक तिसरा माणूस लागत होता. इतकी वर्षं आपण नुसती नळी झालो आहोत, असं त्याला वाटलं. एका तोंडातून आलेली हवा दुसऱ्या कानात सोडायची, आणि नळीला काही म्हणायचं आहे का हे कुणी विचारायचं नाही.

"टायर बदलून आणणार का कुणी?"

थोरल्याने खिशातून फोन काढला. "दलालाला बोलावतो. कटकट एकदाची संपेल."

तेव्हा हवालदाराचं डोकं फिरलं. त्याने जॅक लावला. पहार घातली, जुने टायर उपसले, साबणाचं पाणी फासलं, हातोडे घातले. नव्या टायरवर इतके घाव कुणी घालत नाही. दोन्ही चाकं चढवून हवा भरली. ट्रॅक्टर जमिनीवर उतरला तो डावीकडे खांदा पाडून, घरातल्या बोलण्याला कंटाळलेल्या माणसासारखा.

"आता डोळे उघडे ठेवा," असं ओरडून तो सीटवर चढला. पहिला गिअर टाकला, पायाने लॉक दाबून धरलं आणि दोन्ही हात वर केले. "बघा! स्टिअरिंगला हात नाही! बघा कुठे जातोय ते!"

ट्रॅक्टर डावीकडे वळत गेला, अगदी त्याने सांगितलं होतं तसा. फक्त डावीकडे त्याचाच हौद होता, पंक्चर शोधायला ट्यूब बुडवायचा. हे त्याला आठवलं तेव्हा पुढचं चाक सिमेंटला भिडलं होतं. हौद उभा चिरला. काळं पाणी अंगणभर पसरलं.

इंजिन बंद झालं.

मग धाकटा हळूच म्हणाला, "दादा, दाजींना चालवता येत नाही का रे?"

"कधी आलंय?" थोरला म्हणाला. "लग्नाच्या वेळीसुद्धा फाटकाला धडकवला होता यांनी. आठवतंय?"

"आणि बाबा म्हणाले, मुलगी द्यायची का विचार करा!"

"विचार केला असता तर हौद वाचला असता."

दोघं हसले. हवालदार सीटवरून खाली उतरला. चपलेत पाणी शिरलं होतं. "मी मुद्दाम हात सोडले होते," तो म्हणाला. "दाखवायला."

"हो हो, दाजी," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला, आणि भावाकडे वळला. "दादा, हे असे टायर बसवतात, आणि आपण यांच्यावर विसंबून! माझा बारीक काढू. तुझ्यासारखा दुसरा घेऊन येऊ, आपण दोघंच जाऊ."

"चल. यांना नको नेऊ, दुकानदाराशी भांडतील."

जाता जाता थोरल्याने दलालाला फोन लावला. "येऊ नका. ट्रॅक्टरला काही झालेलं नाही. आमचा फिटर कच्चा आहे."

हवालदाराने लहान टायर पुन्हा उतरवला, तेव्हा बायको धावत आली. दोघं भाऊ एकाच मोटरसायकलवर जाताना पाहिले, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"काय झालं? काय बोलले?"

"मी गाढव आहे म्हणाले."

"दोघंही?"

"दोघंही. एका सुरात."

ती फुटलेल्या हौदाच्या काठावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. त्याने तिला ओरडून सांगितलं की बसायचं असेल तर कोरड्या बाजूला बस, आणि रडायचं असेल तर निदान तो हातोडा इकडे दे.