मावशींची मान

रुग्ण "हाय" म्हणायचा आणि त्याच्या पाठीमागे, दारात उभ्या असलेल्या मावशी मान हलवायच्या. म्हणजे नाही.

तलासरी तालुक्यातल्या आमच्या दवाखान्यात मावशी झाडू मारायच्या, नंबर पुकारायच्या. मी डॉक्टर. वरून नवा फॉर्म आला होता: औषधाआधी घरची चौकशी करा. दोन वेळ जेवता का, पाणी कुठून आणता, कामाला गाव सोडून जाणार का. तुम्हीही कधी वेवजीकडच्या पाड्यांवर हे विचारून बघा. परक्यासमोर घरात काही 'नाही' म्हणणं, पोटासाठी गाव सोडतो म्हणणं तिथे कमीपणाचं. त्यामुळे माझ्या फॉर्मवर सगळा तालुका पोटभर जेवत होता.

मावशींना मात्र पाडा न् पाडा ठाऊक. एक म्हातारा रोज मासळी खातो म्हणाला, तेव्हा त्यांची मान इतकी हलली की डोक्यावरचा पदर घसरला. म्हाताऱ्याने वळून पाहिलं आणि हसत म्हणाला, "आंबील लिवा."

मला ते खटकू लागलं. डॉक्टर मी, आणि उत्तरं दारातून यायची. एका गर्दीच्या सोमवारी मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. पुन्हा मान हलवायची नाही, म्हणालो.

त्याच आठवड्यात सात महिन्यांची पोटुशी पोर आली. अंगात रक्त नव्हतं. गाव सोडणार असती, तर मी तिला त्याच दिवशी डहाणूला भरती केलं असतं. वीटभट्टीवर जाणार का, मी विचारलं.

"नाय, हितंच हाय."

मी सवयीने दाराकडे पाहिलं. मावशी पायाच्या बोटांकडे बघत होत्या. मी 'नाही'वर खूण केली, गोळ्या दिल्या आणि सोमवारी यायला सांगितलं.

ती आली नाही. महिन्याभराने भट्टीवरून निरोप आला. बाळंतपणात गेली, बाळही गेलं.

तुम्हाला माहीत होतं का, मी मावशींना विचारलं.

"त्या सकाळीच कोंबड्या माझ्याकडं ठेवून गेली, सायेब. भट्टीवर जाणारे कोंबड्या शेजाऱ्यांकडं ठेवतात." मग म्हणाल्या, "तुम्ही मान हलवू नको बोललात."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मी माफी मागितली. मावशी पुन्हा मान हलवू लागल्या, पण त्यातली गंमत गेली होती. त्या कोंबड्या त्यांनी ना विकल्या, ना कापल्या.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. फॉर्म अजून चालू आहे. "हाय" ऐकलं की मी रुग्णाच्या खांद्यावरून रिकाम्या दाराकडे बघतो. मग पेन खाली ठेवतो आणि विचारतो, कोंबड्या कुणाकडे ठेवल्यात?