'फाटी' म्हणजे काय

आमच्या प्रोफेशनल फुटबॉल टीममध्ये मी असिस्टंट कोच होतो. कोण सुधारतोय, कोण नाही, याचा दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट लिहिणं माझ्याकडे. अंधेरीच्या ग्राउंडवर सकाळी सातला प्रॅक्टिस. त्या सीझनला मुलुंडचा एक डिफेंडर डोक्याला ताप झाला होता. उंच, दमदार, पण मागे बघायचं म्हणून नाही. पाठीमागून स्ट्रायकर निसटला तरी हा आपला बॉलकडे बघत उभा. बोलून बोलून मी थकलो. सीझनबरोबर त्याचा करार संपणार होता, आणि हेड कोचने त्याला काढायचं जवळपास ठरवलंच होतं.

आणि मग गडी एकदम सुधारला. पास सुटायच्या आधीच मान वळायची. पहिल्या दिवशी म्हटलं, लागला असेल तुक्का. पण आठवडाभर तेच. रिपोर्टमध्ये मी 'झकास' लिहून खोडलं आणि 'आशादायक प्रगती' असं काहीतरी सभ्य लिहिलं. असाच खेळला तर ठेवू, असं हेड कोचही म्हणाला.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण कॉर्नरच्या आधी तो डाव्या कानाची पाळी ओढायला लागला होता, आणि ते बघून मला कसंतरीच व्हायचं. ती सवय माझ्या जुन्या जोडीदाराची. याच ग्राउंडवर आम्ही दोघं डिफेन्स खेळलो. तो मालवणचा. मागून कोणी आलं की सगळी टीम 'मॅन ऑन' ओरडायची, हा आपला 'फाटी!' सव्विसाव्या वर्षी त्याचा डावा गुडघा गेला आणि खेळ संपला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. या पोराने त्याला कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

एका सकाळी पोरगा डावा गुडघा चोळत बसलेला दिसला. डॉक्टरला काही सापडलं नाही. मी पाणी घेऊन गेलो तर त्याने सहज विचारलं, "सर, तुम्ही पाठून ओरडता ते 'फाटी' म्हणजे काय हो?"

त्याच्या घरचे मूळचे जालन्याकडचे. मालवणी त्याच्या कानावर कुठून पडणार? आणि मी तर प्रॅक्टिसभर त्याच्या समोर उभा असतो. मागे बघ, एवढाच अर्थ मी सांगितला.

सगळे नाश्त्याला गेल्यावर मी गोलपुढच्या आमच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. वेड्यासारखं वाटत होतं, तरी बोललो. "तुझा गुडघा गेला तेवढं बस झालं. त्याला सोड रे."

दुसऱ्या दिवशी पोरगा उड्या मारत आला. गुडघा ठणठणीत. पहिलाच बॉल डोक्यावरून गेला, हा वाट बघत उभा, आणि गोल झाला. मग दुसरा. मग तिसरा.

धापा टाकत तो माझ्याकडे आला. चिडला नव्हता, घाबरला होता. "सर, आज ओरडत का नाही तुम्ही?"

त्या दिवसापासून मी गोलमागे उभा राहून घसा बसेस्तोवर 'फाटी' ओरडलो. तो वळायचाही. पण मी ओरडायचो बॉल सुटलेला बघून, आणि माझा जोडीदार ओरडायचा त्याच्या आधी.

शेवटच्या रिपोर्टात मी खरं ते लिहिलं, आणि त्याचा करार वाढला नाही. मी त्याचा गुडघा वाचवला की पोटावर पाय दिला, अजून कळत नाही. निघताना तो उकिडवा बसून बॅगेत बूट भरत होता. गुडघा कुठे अडला नाही.