हम्दाने मऊ केलेली गुंडाळी

ताअमिरा या भटक्या बेदुइन टोळीच्या तळावर कुणाची पखाल गळू लागली की ती हम्दाकडे यायची. हम्दा तोंडाने फटकळ. आधी मालकाची खरडपट्टी काढायची, कातड्यालाही तहान लागते हे तुम्हाला कधी कळणार म्हणून, आणि मग मेंढीचं तूप कोमट करून चोळत बसायची. तिच्या हातून गेलेली पखाल थेंब गाळत नसे.

त्या वर्षी निम्मी टोळी शेळ्या सोडून, जुन्या लिखाणाला शहरात पैसा मिळतो म्हणून मृत समुद्राकाठच्या गुहा चोरून धुंडाळत होती. हम्दाचा भाऊ मुसल्लम दोराने कड्यावरून उतरला आणि फुटक्या रांजणातली कातड्याची गुंडाळी घेऊन वर आला. आत यहुद्यांची जुनी पवित्र अक्षरं होती. त्याने ती बहिणीच्या पिठाच्या पोत्यात खुपसली. गुहांत शिरायला सरकारची बंदी होती. पुढच्याच खेपेला गस्तीच्या शिपायांनी त्याला धरलं, आणि मार पडल्यावर त्याने गुंडाळीचं कबूल केलं.

टोळीतले वडीलधारे अबू मुतलक ठाण्यावर जाऊन निरोप घेऊन आले. उद्या अधिकारी येईल. गुंडाळी अखंड हाती पडली तर मुसल्लम सुटेल, तुकडे झाले तर तो आतच कुजेल.

सकाळी हम्दाने पोत्यातून गुंडाळी काढली. कातडं भाजलेल्या पापडासारखं झालं होतं. बोट लागताच कडेला तडा गेला. जीपच्या एका धक्क्यात याचा भुगा होणार, आणि भुगा झाला की भाऊ गेला. तिने घाईघाईने चूल पेटवली, तूप कोमट केलं आणि जन्मभर जे केलं तेच केलं.

कातडं तूप पिऊ लागलं. तडा मिटला, कडा वाकू लागली, तिच्या जिवात जीव आला. मग तिचं लक्ष बोटांकडे गेलं. ती काळी झाली होती. तिने गुंडाळीचं टोक उलगडून पाहिलं. आधी दिसलेल्या ओळी गेल्या होत्या, नुसता डांबरासारखा काळा चिकट पदर उरला होता.

तेवढ्यात खाली कोरड्या ओढ्यात जीपची धूळ दिसली.

अधिकाऱ्यासोबत एक पिकल्या दाढीचे विद्वान होते. अबू मुतलकांनी कॉफी दिली. अधिकाऱ्याने रीतीप्रमाणे पेला तोंडाला न लावता खाली ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय पाहुणा पीत नाही, आणि प्यायला की बोलणं पक्कं. अबू मुतलकांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता. "गुंडाळी तुमची, मुसल्लम आमचा. प्या," ते म्हणाले. अधिकारी प्यायला.

पडद्याआड हम्दा गुंडाळी धरून ऐकत होती. गुंडाळी चुलीत घालून शेळ्यांवर आळ घ्यावा, असंही मनात येऊन गेलं. पण अबू मुतलकांनी शब्द दिला होता. ती बाहेर आली आणि गुंडाळी त्यांच्यापुढे ठेवली.

विद्वानांनी ती हुंगली, उलगडून पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

"हे कुणी केलं?"

"मी. तडकत होती. तडकलेलं कातडं मी मऊ करते."

अधिकारी ताडकन उठला. असली घाण घेऊन काय करू, मुसल्लम राहील तिथेच, म्हणाला.

अबू मुतलक बसूनच राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "अखंड मागितलीत. ही अखंड आहे. आणि साहेब, तुम्ही कॉफी प्यायलात."

अधिकाऱ्याने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. शेवटी विद्वानांनीच गुंडाळी रुमालात बांधली. "सोडा त्याला," ते हळूच म्हणाले.

मुसल्लम घरी आला, भाकरी खाल्ली आणि मग विचारलं, "अक्षरं राहिली का गं थोडी?"

"नाही रे. मी पुसली."

त्याने मान हलवली. मग दोरावरून उतरताना नेलेली आपली पखाल काढून तिच्यापुढे सरकवली. गळत होती.

हम्दाला वाचता येत नाही. पण तेव्हापासून पखाल कुणाचीही असो, ती आधी उन्हात धरते, दोन्ही बाजूंनी निरखून पाहते, आणि मगच तुपाला हात लावते. तळावर यावर कुणी हसत नाही.