थेंबवालीचं सूप किती दिवस टिकतं

तुम्ही कधी दुसऱ्याचं उष्टं ताट निरखून पाहिलंय का? नाक न मुरडता, तिथंच उभं राहून, यानं काय खाल्लं, काय टाकलं, कुठपर्यंत येऊन थांबला, असं? नसेल पाहिलं, तर खाण्याच्या पदार्थांचा धंदा कसा करावा यावर निदान या बाईसमोर तरी बोलू नका. तिनं एकेचाळीस दिवस पाहिलंय, आणि तिला लवकर राग येतो.

एका मोठ्या हॉस्पिटलात ती सतरा वर्षं स्वयंपाकीण होती. स्वयंपाकघर तळघरात. एकच खिडकी, तीही छताला टेकलेली, त्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त बूट दिसायचे. जेवण ट्रॉलीवरून वर जायचं, तासाभरानं ट्रॉली खाली यायची. बाकीच्यांच्या लेखी खाली आलेली ताटं म्हणजे घासायची भांडी. हिच्या एक दिवस लक्षात आलं की चौथ्या मजल्याची ट्रॉली जशी जाते जवळपास तशीच परत येते.

चौथ्या मजल्यावर पक्षाघाताचे रुग्ण होते. ही सुट्टीच्या अर्ध्या तासात जिने चढून वर गेली आणि दाराशी उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं सुपाचा घोट घेतला. ठसका लागला. डोळे लाल होईपर्यंत खोकला. नर्सनं वाटी उचलली आणि तक्त्यावर लिहिलं, ‘भूक नाही.’

"भूक नाही म्हणे!" ही खाली येऊन पातेल्यावर झाकण आपटत म्हणाली. "भूक ढीगभर आहे. गिळता येत नाही माणसाला."

त्या मजल्यावर गिळण्याचा व्यायाम घेणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी समजावलं. अशा माणसाच्या घशात पातळ पदार्थ फार वेगानं उतरतो आणि श्वासनलिकेत शिरतो. कोरडा घास अडकतो. दोन्हीच्या मधलं, ठरावीक घट्टपणाचं काही दिलं तर नीट जातं. स्वयंपाकघराची पद्धत अशी होती की अंदाजानं मूठभर पीठ भिरकावायचं. त्यामुळे सोमवारचं सूप पाण्यासारखं आणि मंगळवारचं भिंतीला कागद चिकटवता येईल असं.

मग तिनं रोज उरलेलं मोजायला सुरुवात केली. कुठल्या वाटीत किती उरलं, त्या दिवशी सूप केवढं घट्ट होतं, दोन्ही वहीत. घट्टपणा मोजायला यंत्र नव्हतं. डाव बुडवायचा, उचलायचा, दहा म्हणेपर्यंत किती थेंब पडतात ते मोजायचं. मोठ्यानं मोजायची. आठवड्याभरात सगळं तळघर तिला ‘थेंबवाली’ म्हणू लागलं. चिडवायला ठेवलेलं हे नाव तिनं पुढं पाकिटावर छापलं, तेव्हा चिडवणाऱ्यांची जरा पंचाईत झाली.

एकेचाळिसाव्या दिवशी तिला कळलं की दहा आकड्यांत चार ते पाच थेंब पडणारं सूप रुग्ण संपवतात. मग ते रोज तसंच कसं निघेल, याच्यामागे ती लागली. वाळवलेला वाटाणा, गाजर, भाजलेली तांदळाची पिठी, चमचाभर तेल. सगळं दळून भुकटी. गरम पाण्यात टाका, ढवळा, तीन मिनिटं थांबा. चार ते पाच थेंब. सोमवारीही आणि मंगळवारीही.

एवढ्यात हात धुण्याच्या नियमांशेजारी एक नोटीस लागली. वर्षअखेरीस स्वयंपाकघर बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाणार, सध्याच्या स्वयंपाकिणींचे आभार. आभार ठळक अक्षरांत होते.

ती उद्योजकतेच्या मोफत शिबिराला जाऊन बसली. टायवाले एक गृहस्थ भिंतीवर चित्रं दाखवत होते. म्हणाले, "सर्वांत आधी ग्राहकाशी बोला. त्याला काय हवंय ते त्याच्याच तोंडून ऐका."

"माझ्या ग्राहकाला बोलता येत नाही," ही म्हणाली.

गृहस्थांनी पुढचं चित्र लावलं.

शिबिरातून तिला एवढं कळलं की शहराबाहेर एक अन्न संशोधन केंद्र आहे आणि तिथं घरगुती पदार्थ तपासून देतात. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या शास्त्रज्ञ बाई कमी बोलायच्या. सगळे त्यांना कोटवाल्या बाई म्हणत. त्यांनी सूप चाखलं, यंत्रात ओतलं, कागदावर आकडे आले.

"घट्टपणा उत्तम. हा कसा साधला?"

"थेंब मोजून."

कोटवाल्या बाईंनी तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं. "किती दिवस टिकतं?"

"टिकतं की."

"‘की’ हा आकडा नाही."

हाच प्रश्न हॉस्पिटलच्या खरेदी अधिकाऱ्यानंही विचारला. त्याचं टेबल स्वच्छ होतं आणि मान फाईलमधून वर यायला वेळ घ्यायची. व्यायामाच्या मॅडमनी शिफारस केली होती, त्यामुळे त्यानं नाही म्हटलं नाही. "स्वयंपाक कंत्राटदाराकडे गेला तरी माल आम्हीच घेतो, कोरडा माल वर्षातून दोनदा. तुमचं सूप सहा महिने टिकतं असा केंद्राचा रिपोर्ट आणा. चौथ्या मजल्यासाठी लगेच घेतो. त्याहून कमी टिकत असेल तर येऊ नका, दोघांचाही वेळ जातो."

म्हणजे सगळं येऊन अडलं ते सहा महिन्यांवर. तेवढं टिकलं तर तिचा धंदा उभा, आणि चौथ्या मजल्याला गिळता येईल असं काही तरी. नाही टिकलं तर सतरा वर्षांचे आभार आहेतच.

केंद्रातल्या साठवणीच्या खोलीचं यंत्र बिघडलं होतं. कोटवाल्या बाईंनी तिची वही पाहिली होती, म्हणून तिच्यावर विश्वास टाकला. चोवीस पाकिटं घरीच कपाटात ठेवायची, आत तापमापक टांगायचा, सकाळ-संध्याकाळ आकडा लिहायचा आणि दर महिन्याला दोन पाकिटं तपासायला आणायची. तिनं पाकिटं इस्त्रीनं बंद केली, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी चिकटवली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं कपाट रिकामं करून त्यात मांडली. "याला कोणी हात लावायचा नाही," असं घरात जाहीर केलं. नवरा बसगाड्यांचा मिस्त्री, तो घरातल्या कुठल्याच कपाटाला हात लावत नसे. सासूबाईंनी मान हलवली.

सहा महिने झाले. ताजी पाकिटंही घरात होत राहिली, कारण चार ओळखीच्या घरांत रुग्ण होते आणि ते मागायला यायचे. इस्त्रीनं जमेना, म्हणून चौथ्या महिन्यात तिनं पाकीट बंद करायचं छोटं यंत्र आणलं. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट आला. वास पहिल्या दिवसासारखा, चव पहिल्या दिवसासारखी, ओलावा पहिल्या दिवसाइतका. खाली कोटवाल्या बाईंनी हातानं लिहिलं होतं, ‘असाधारण.’ त्या बाईंनी हा शब्द आधी कधी कोणासाठी वापरला नव्हता.

नवऱ्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. "अगं, असाधारण! म्हणजे साध्याच्याही वर."

खरेदी अधिकाऱ्यानं सोमवारी सहीला बोलावलं. रविवारी दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर फाईल नीट लावायला घेतली. प्रत्येक महिन्याच्या पानाला तपासलेलं रिकामं पाकीट टाचलेलं होतं. पहिले तीन महिने, इस्त्रीची रुंद, वाकडी रेघ. चौथा महिना, दोन बारीक सरळ रेघा. पाचवा, दोन रेघा. सहावा, दोन रेघा.

चोवीसच्या चोवीस पाकिटं इस्त्रीनं बंद केली होती. यंत्र घरात आलं ते चौथ्या महिन्यात.

तिनं उठून कपाट उघडलं. आतली उरलेली पाकिटं वाकड्या रेघांची. मग तिनं हाक मारली. फार हळू मारली, म्हणून घरातले दोघंही लगेच आले.

"आई, कपाटातल्या पाकिटांना हात लावलात?"

"छे," सासूबाई म्हणाल्या. "नुसती बदलली."

"बदलली?"

"तू न्यायच्या आदल्या दिवशी. जुनी काढून ताजी ठेवायची. चिठ्ठी वाफेवर धरली की सुटते, फाटत नाही. दर महिन्याला केलं, एकदाही विसरले नाही."

"का पण?"

"का म्हणजे? एवढ्या शिकलेल्या बाईला चार-चार महिन्यांचं शिळं खायला घालायचं? लोक काय म्हणतील? हिला सासूनं काही वळणच लावलं नाही, असं म्हणतील. बोल मला लागला असता, तुला नाही."

 नवरा छताकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

"हसायचं काम नाही," ही त्याच्यावर ओरडली. "आणि ती जुनी पाकिटं कुठं गेली?"

"खाल्ली. टाकून देऊ की काय?" सासूबाईंना हा प्रश्नच लागला. "चौथ्या महिन्यापर्यंत झकास होतं हो. पाचव्याला जरा वास मारत होता. सहावं मी पाणी पीत ढकललं."

तिनं वही ओढली आणि ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. सहा महिन्यांच्या संशोधनातली तेवढी एकच नोंद खरी होती.

नवऱ्यानं तिला बाजूला घेतलं. "हे बघ, आपण तिघं सोडून कोणाला माहीत नाही. उद्या सही आहे. शेवटच्या दोन महिन्यांत जरा वास आला तर आला. आईला काय झालं? ठणठणीत आहे."

"आईंना ‘खवट आहे’ म्हणता येतं. दुसरं घेऊ का विचारता येतं. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला काय म्हणता येतं?"

"मी आपलं एक म्हटलं."

"तू गाड्यांचे ब्रेक तपासतोस. तिथं म्हणतोस का असं?"

नवऱ्यानं फाईल उचलून तिच्या पिशवीत ठेवली.

सोमवारी ती हॉस्पिटलात न जाता केंद्रात गेली आणि फाईल कोटवाल्या बाईंसमोर ठेवली. सगळं सांगितलं. त्या बाईंनी रेघा पाहिल्या. आपला ‘असाधारण’ शब्द पाहिला. पेन काढून तो खोडला.

"म्हणजे सहा महिने मी तुमचं ताजं सूप तपासत होते."

"हो."

"साठवणीची खोली दुरुस्त झालीय. पुन्हा पहिल्यापासून. आणि यावेळी किल्ली माझ्याकडे."

"सासूबाई म्हणतात पाचव्या महिन्यात वास येतो."

"सासूबाई हे यंत्र नाही," कोटवाल्या बाई म्हणाल्या, पण कागदाच्या कडेला लिहून ठेवलं.

दुसरे सहा महिने ती एका बेकरीत ट्रे उचलत होती. चार ओळखीच्या घरांची दहा झाली, पण दहा घरांवर धंदा होत नाही. खरेदी अधिकाऱ्याला तिनं खरं काय ते सांगितलं. त्यानं तिच्या अर्जावर ‘प्रलंबित’ असं लिहून तो सर्वांत खाली ठेवला, तेवढीच मेहरबानी. खरा रिपोर्ट आला. चार महिने उत्तम. पाचव्यात तेल खवट होऊ लागतं. कोटवाल्या बाईंनी आकडे वाचून दाखवले आणि कडेची जुनी नोंद वाचताना घसा खाकरला. सासूबाईंना हे कळलं. त्या आठवडाभर नेहमीपेक्षा ताठ चालत होत्या.

तेल काढून टाकलं तर सूप सहा महिने टिकत होतं, तेही तिनं त्याच सहा महिन्यांत वेगळी पाकिटं शेजारी ठेवून पाहिलं होतं. पण मग ते तोंडात चिकटायचं, आणि व्यायामाच्या मॅडमनी वाटी परत केली. म्हणजे चार महिने. काय करायचं ते त्यात बसवायचं.

ती अधिकाऱ्यासमोर गेली. त्याची मान यथावकाश वर आली.

"चार महिने," ती म्हणाली. "खरे."

"मी सांगितलं होतं. खरेदी वर्षातून दोनदा."

"खरेदी दोनदाच करा. माल मी चारदा आणून देते, ताजा."

"तसं बसत नाही."

"कशात?"

"नियमात. एकदा ऑर्डर, एकदा माल."

तिनं आवंढा गिळला, राग त्याच्याबरोबर खाली गेला, आणि ती शांतपणे म्हणाली, "दूध कसं घेता?"

"काय?"

"दूध. सतरा वर्षं मी उकळलंय. सहा महिन्यांचं एकदम येतं का?"

अधिकारी उठला. त्यानं कपाटातून एक फाईल काढली, वाचली, परत वाचली. "ते वेगळं कलम आहे. नाशवंत माल. वर्षाची एक ऑर्डर, माल गरजेप्रमाणे."

"मग मला नाशवंतात घाला. मला काही वाईट वाटणार नाही."

"भुकटी कोणी नाशवंतात घातली नाही आजवर."

"भुकटी चार महिने टिकते असं खरं तरी कोणी सांगितलंय का आजवर?"

त्यानं वर विचारायला तीन आठवडे घेतले. तीन आठवड्यांनी सही झाली. सही करताना तो म्हणाला, "तुम्ही मागच्या वर्षीच ते सहा महिन्यांचं पुढं केलं असतं, तर मला काही कळलं नसतं." हे त्यानं कौतुकानं म्हटलं की तक्रार म्हणून, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शेजारच्या आणखी दोन हॉस्पिटलांतही तिचं सूप जातं. बेकरीची मागची खोली तिनं भाड्यानं घेतलीय, हाताखाली तळघरातल्या दोन जुन्या स्वयंपाकिणी आहेत. ‘चार महिन्यांत संपवा’ हे पाकिटावर नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापलंय. दुकानदार अजून तिला समजावतात, "बाई, सहा टाका, सगळे टाकतात, गिऱ्हाईक कुठं वाचतंय?" ती पाकिटं उचलते आणि दुसऱ्या दुकानात जाते. अशानं तिची बरीच दुकानं हुकली आहेत.

म्हणून तुम्हाला एकच विनंती. पुढच्या वेळी दुकानात पाकीट हातात घ्याल, तेव्हा ते उलटं करा आणि मागची तारीख वाचा. मोठ्यानं वाचा, दुकानदाराला ऐकू जाईल अशी.