बसूअण्णांचे तीन प्लेअर

बसूअण्णा कुठलाही व्हिडिओ एकदाच बघत नसत. कुणी पेन ड्राइव्ह आणून दिला की तो आधी एका प्लेअरवर लावायचे, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. समोरचं गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "अण्णा, लागला की पयल्याच झटक्यात! आता आनि कशाला?" अण्णा मान न वळवता म्हणायचे, "मशीनवर इश्वास ठेवावा, पर एका मशीनवर ठेवू नये."

कोल्हापुरात, राजारामपुरीत आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं, त्यांचं व्हिडिओचं. लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या, बिघडलेली फाईल दुरुस्त करायची, आवाज मागेपुढे झाला असेल तर जुळवून द्यायचा, असली त्यांची कामं. अण्णा मूळचे शिरोळकडचे, नदीकाठच्या गावातले. घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी. वयानं मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'अक्का' केलं आणि शेवटपर्यंत अहोजाहो केलं.

त्यांच्या कॉम्प्युटरवर तीन प्लेअर होते आणि तिघांना त्यांनी नावं दिली होती. कॉम्प्युटरबरोबर आपोआप आलेला, तो जावई. दिसायला देखणा, पण निम्म्या फायली त्याला चालायच्या नाहीत. "ह्यो नुसता बसून खानार. वर म्हननार, असलं मी खात न्हाय." दुसरा हमाल. त्याच्यापुढे काहीही टाका, तो उचलायचा. फाईल कितीही मोडकी असो, खराब भाग उडी मारून ओलांडायचा आणि पुढे पळायचा. आणि तिसरा मास्तर. मास्तरला ना बटणं, ना रंग, नुसती काळी चौकट. सगळा कारभार कीबोर्डवरून. पण मास्तर एक कळ दाबली की चित्र एकच पाऊल पुढे सरकवायचा, दुसरी दाबली की एकच पाऊल मागे. किती चित्रं वाचता आली आणि किती हरवली, तेही खाली आकड्यात सांगायचा.

कुठला प्लेअर चांगला, असं कुणी विचारलं की अण्णांचा उलटा प्रश्न ठरलेला. "बघनार काय हाय?" कान गेलेल्या एका निवृत्त गुरुजींना त्यांनी हमाल टाकून दिला, कारण त्यात आवाज नेहमीपेक्षा दुप्पट चढवता यायचा. क्लासवाल्यांनाही तोच, कारण व्याख्यान दीडपट वेगानं पळवता यायचं. मास्तर मात्र त्यांनी कधी कुणाला दिलेला मी पाहिला नाही. "त्यो बघायला न्हाय, तपासायला हाय," म्हणायचे.

वैशाली आली ती सकाळची वेळ होती. मी नुकतंच शटर वर केलं होतं. ती शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात नर्स होती, तोंडओळख होती. तिची आई, शालनबाई, एका खानावळीत भाकऱ्या करायची. पंधरवड्यापूर्वी पहाटे कामाला निघाली असताना गाडीनं तिला उडवलं होतं. गाडी थांबली नाही, असंच सगळे म्हणत होते. सायकलवरून दूध घालायला निघालेल्या एका माणसाला ती रस्त्याकडेला सापडली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

त्या वळणावरच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यात काहीतरी आलं होतं. दुकानदारानं ते पोलिसांना दिलं होतं आणि त्याचीच एक प्रत वैशालीला पेन ड्राइव्हवर दिली होती. "ठाण्यात लावून बघितलं त्यांनी," ती म्हणाली. "फाईल खराब हाय म्हणत्यात. आई चालत्याली दिसती आनि मग एकदम पडल्यालीच दिसती. मधलं कायच न्हाय. गाडीच न्हाय त्यात. तपासायला पाठवतो म्हणालेत, पर कवा ते सांगत न्हाईत."

अण्णांनी तिला बाकावर बसवलं आणि माझ्याकडे बघून चहाची खूण केली. जावयानं फाईल उघडलीच नाही. हमालानं उघडली आणि अगदी तसंच दाखवलं, चालणारी बाई, एक झटका, पडलेली बाई. मग अण्णांनी मास्तर लावला.

मी चहाचे पेले घेऊन आले तेव्हा त्यांचं बोट एकाच कळीवर होतं. एक दाबायचे, थांबायचे. पुन्हा दाबायचे. मग मागची कळ. असं बराच वेळ चाललं. वैशालीला बाकावरून पडदा दिसत नव्हता, अण्णांची पाठ तेवढी दिसत होती.

"दिसतंय का काय?" तिनं विचारलं.

"वेळ लागंल," अण्णा म्हणाले. "तुमी उद्या या, बाळ. सकाळी या."

ती गेल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. "अक्का, माझ्या डोळ्यावर माझा इश्वास न्हाय आज. तुमी बघा आनि काय दिसतंय ते तोंडानं सांगा."

मी बघत गेले आणि सांगत गेले. चित्र मळकट होतं, मधूनमधून त्याचे चौकोन फुटत होते. एक पांढरी पिकप. शालनबाईंना धक्का. गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. दार उघडतं. एक माणूस उतरतो, मागे येतो, वाकून बघतो.

"आनि?"

जमिनीवरून शालनबाईंचा हात वर आला होता. कोपरापासून, जरासाच. तो माणूस मागे सरकला, गाडीत बसला आणि निघून गेला.

"हात हलतोय," मी म्हटलं.

"व्हय," अण्णा म्हणाले. "गाडीच्या मागं बघा. ताडपत्री."

ताडपत्रीला निळं ठिगळ होतं, उलट्या त्रिकोणासारखं.

"त्ये ठिगळ माझ्या हातचं हाय," अण्णा म्हणाले. "पाडव्याला गावाकडं गेलतो, तवा मीच शिवलंय. दुधाची पिकप हाय ती. मल्लूची."

मल्लू त्यांचा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा तो दुसरीत होता. अण्णांनीच त्याला वाढवला, गाडी शिकवली, त्याचं लग्न लावलं. अण्णांना आणि त्यांच्या बायकोला मूलबाळ नव्हतं. मल्लूचं नाव त्यांच्या तोंडी एखाद्या बापाच्या तोंडी मुलाचं यावं तसं यायचं.

त्याच दुपारी दुकान बंद करून ते जयसिंगपूरच्या एसटीत बसले. गावात काय झालं, ते त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं.

मल्लू गोठ्यात होता. अण्णांनी विचारल्यावर आधी तो म्हणाला, "कुठली बाई?" मग म्हणाला, "कुत्रं आडवं आल्यालं वाटलं मला अण्णा, आईशप्पत."

"कुत्रं बघाय दार उघडून कोन खाली उतरतं, मल्लू?"

मग मल्लू खाली बसला आणि त्यानं अण्णांचे पाय धरले. "तुला दिसलंय न्हवं? दुसऱ्या कुनाला दिसलंय? तू न्हाय दिसत म्हन की. तुझ्याबिगर कोल्लापुरात कोन बघनार हाय ते?"

"ते खरं हुतं अक्का," अण्णा मला म्हणाले. "ती फाईल तपासायला गेली असती, मागं पडली असती, वर्स निघून गेलं असतं. मी 'न्हाय' म्हटलं असतं तर ती पोरगी परत गेली असती. येवढंच करायचं हुतं मला. एक शब्द बोलायचा हुता."

त्यांनी मल्लूला सांगितलं, "तू आपनहून चल. मी संगं येतो. तुझ्या शेजारी उभा ऱ्हातो. पर तू चल." रात्रभर वाट बघितली. सकाळी मल्लू खोलीचं दार लावून बसला होता. त्याची बायको उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "भावजी, परत ह्या दारात येऊ नगा." अण्णा पहिल्या गाडीनं निघाले.

वैशाली ठरल्याप्रमाणे आली. अण्णा उभेच होते. तिला बसायलाही न सांगता त्यांनी बोलून टाकलं, "गाडी दिसतीया. नंबर अर्धाच दिसतोय, पर उरल्याला मला ठावं हाय. माझ्या सख्ख्या भावाची गाडी हाय ती. चला, आपन ठान्यात जाऊ."

वैशाली एकदम मागे सरली. तिला ते कळायला वेळ लागला. मग तिनं फक्त विचारलं, "तुम्ही येणार?"

"मीच दाखवायला पायजे. तितं कुनाला मास्तर चालवाय येत न्हाय," अण्णा म्हणाले.

गाडी दिसणाऱ्या चार चित्रांचे रंगीत प्रिंट मी काढून दिले. आणखी कुठलं चित्र काढायचं नाही, हे त्यांनी मला तीनदा बजावलं.

मल्लूला अटक झाली. पुढे मूळ रेकॉर्डर तपासला गेला, त्यातही तेच निघालं. खटला उभा राहिला तेव्हा अण्णांना साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी ते वैशालीला म्हणाले, "बाळ, उद्या पडद्यावर सगळं लावत्याल. तुमी आत बसू नगा. बाहीर थांबा. माझं येवढं ऐका." ती बाहेर थांबली. तिच्या सोबतीला एका शेजारणीला बसवून मी आत गेले.

मल्लूच्या वकिलांनी अण्णांना बरंच फिरवलं. "एका सॉफ्टवेअरमध्ये गाडी दिसत नाही, दुसऱ्यात दिसते. फाईल एकच. मग हे दुसरं सॉफ्टवेअर चित्र तयार करतं, असं का म्हणू नये?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, एकानं पळायच्या घाईत चार पानं एकदम उलटली. दुसऱ्यानं एकेक पान वाचलं. पोथी तीच हाय. न्यारं काय कुनी लिव्हल्यालं न्हाय."

"आणि आरोपी तुमचा भाऊ आहे?"

"व्हय."

"तुमचं त्याच्याशी भांडण आहे? शेतीचा वाद?"

"न्हाय साहेब. माझं प्वार हाय ते."

मल्लू खाली बघत होता. त्यानं एकदाही मान वर केली नाही.

मल्लूला शिक्षा झाली. त्याच्या बायकोनं म्हशी विकल्या आणि ती माहेरी गेली. गावात अण्णांचं नाव घेणं बंद झालं. पुढच्या जत्रेला ते गेले तर चुलत्यांच्या घरी कुणी त्यांना 'बसा' म्हटलं नाही. त्याच दिवशी परत आले. मी विचारलं, "पाणीसुद्धा दिलं नाही?" तर म्हणाले, "मागितलं असतं तर दिलं असतं. मी मागितलं न्हाय."

त्यानंतरचे अण्णा वेगळे होते. काम करायचे, पण एखादा विचारायला आला की कुठला प्लेअर टाकू, तर "कुठलाबी टाका" म्हणून मोकळे व्हायचे. फाईल एकाच प्लेअरवर लावून, लागली की उचलून द्यायचे. मी एकदा म्हटलं, "अण्णा, मास्तर कुठं गेला?" त्यांनी तो कॉम्प्युटरवरून काढून टाकला होता. "डोळं मिटलं तरी त्यो चालू असतोय," एवढंच म्हणाले. वैशाली येता-जाता दुकानात डोकवायची. कधी त्यांचं बीपी तपासायची, गोळ्या घेतल्या का विचारायची. दोघं शालनबाईंबद्दल कधी बोलत नसत.

दोन वर्षांनी एका दुपारी अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वैशालीच धावत आली, छाती दाबत राहिली, पण उपयोग नव्हता.

गावच्या मळ्यात, वाडवडिलांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली नाही. त्यांच्या समाजाच्या इथल्याच दफनभूमीत, त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे बसलेल्या स्थितीत त्यांना मातीत ठेवलं. माणसं मोजकीच होती. सगळं आटोपत आलं तेव्हा मल्लू आला. सुटून त्याला थोडेच दिवस झाले होते. त्यानं एक मूठ माती टाकली, वहिनीच्या पायांना हात लावला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. वैशाली त्याच्यापासून चार पावलांवर उभी होती. त्यानं तिला ओळखलं की नाही, मला कळलं नाही.

परतताना ती माझ्याबरोबर दुकानात आली. पाणी प्यायली. मग पेला हातात धरूनच म्हणाली, "काकू, एक विचारू? त्या व्हिडिओत पडल्यावर आई हलली होती ना?"

अण्णांनी एवढी वर्षं जे सांभाळलं, ते मी मोडायचं की काय, ते मला सुचेना. पण तिनं सरळ विचारलं होतं.

"हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "मला ठाऊक होतं. पोस्टमार्टेमचा रिपोर्ट मी स्वतः वाचलाय. मी नर्स हाय, काकू. अर्धा-पाऊण तास जगली असणार ती."

"मग अण्णांना सांगितलं नाहीस कधी?"

"ते मला बाहीर थांबा म्हणाले ना, तेव्हा मी मुद्दाम थांबले." तिनं पेला खाली ठेवला. "त्या माणसानं स्वतःचा भाऊ घालवला माझ्यासाठी. म्हटलं, मला वाचवलं, एवढं तरी त्यांना वाटू दे."

मग तिनं तोंड धुतलं, ओढणी नीट केली आणि ड्युटीची वेळ झाली म्हणून निघून गेली.